जोडीदाराच्या व्हिसाची दीर्घ प्रतीक्षा: ठाणे आणि नवी मुंबईतील कुटुंबांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घोडबंदर रोडपासून खारघरपर्यंत जवळजवळ प्रत्येक मोठ्या सोसायटीत असे एखादे घर असते, ज्यातला एक माणूस परदेशी नोकरीला आहे आणि दुसरा व्हिसाच्या रांगेत आहे. अशा घरांतून सातत्याने येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. रांगेची लांबी आपल्या हाती नसते. मात्र इथे थांबलेल्या व्यक्तीची नोकरी, बचत, नाव आणि मान त्या रांगेपायी गहाण पडू नयेत, ही या उत्तरांमागची भूमिका आहे. नियम आणि शुल्क बदलत असतात, म्हणून अर्ज भरण्यापूर्वी त्या त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावरील मजकूर स्वतः वाचावा.

१. लग्न झाले, नोंदणी झाली, तरी व्हिसाला इतका वेळ का लागतो?

परदेशातील जोडीदाराचा तिथला दर्जा कोणता, यावर बहुतेक सारे अवलंबून असते. अमेरिकी नागरिकाच्या पती-पत्नीच्या व्हिसावर वार्षिक मर्यादा नाही. तिथे वेळ जातो तो अर्जाच्या छाननीत आणि मुलाखतीची तारीख मिळण्यात. ग्रीन कार्डधारकाच्या जोडीदाराला मात्र एफ२ए या मर्यादित संख्येच्या वर्गात थांबावे लागते, आणि अमेरिकेचे परराष्ट्र खाते दर महिन्याला प्रसिद्ध करते त्या व्हिसा बुलेटिनमधील तारीख आपल्या अर्जाच्या तारखेच्या पुढे सरकल्याशिवाय व्हिसा मिळत नाही. हा वर्ग २०१९ च्या मध्यापासून २०२३ च्या आरंभापर्यंत खुला होता, म्हणजे तारखेसाठी थांबावेच लागत नव्हते. त्यानंतर तारीख मागे गेली. त्यामुळे त्या काळात गेलेल्या नातेवाइकांशी आपली तुलना करून स्वतःला किंवा जोडीदाराला दोष देऊ नये. नोकरीवर आधारित ग्रीन कार्डासाठी भारतीयांची जी अनेक वर्षांची रांग आहे, तिचा या रांगेशी संबंध नाही. एच-१बी या तात्पुरत्या नोकरीच्या व्हिसावर असलेल्याच्या जोडीदाराचा एच-४ व्हिसा तर तात्पुरत्या वास्तव्याचा असतो, त्याला आय-१३० हा नातेवाइकाला कायमचे बोलावण्याचा अर्ज लागत नाही.

२. ब्रिटन, कॅनडा आणि जर्मनीचे काय?

ब्रिटनमध्ये नागरिक किंवा कायम रहिवासी असलेल्याच्या जोडीदारासाठी किमान उत्पन्नाची अट ११ एप्रिल २०२४ पासून वार्षिक १८,६०० पौंडांवरून २९,००० पौंडांवर गेली. त्यामुळे तिथली खरी प्रतीक्षा पुष्कळदा अर्ज करण्याआधीच, पगार त्या रेषेवर पोहोचेपर्यंत, चालू असते. पगार कमी पडत असल्यास बचतीचा आधार घेता येतो. पूर्णपणे बचतीवर अर्ज करायचा तर ८८,५०० पौंड किमान सहा महिने खात्यात असावे लागतात. कॅनडात जोडीदाराला बोलावण्यासाठी सर्वसाधारणपणे किमान उत्पन्नाची अट नाही, पण तीन वर्षे सांभाळण्याची लेखी हमी स्पॉन्सरला द्यावी लागते. जर्मनीसाठी जर्मन भाषेचे ए१ प्रमाणपत्र लागते. जोडीदाराकडे ईयू ब्लू कार्ड (उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांचा परवाना) असेल तर ही अट नाही, म्हणून वर्गाचे पैसे भरण्याआधी त्याच्या परवान्यावर काय लिहिले आहे ते पाहावे.

३. आमची फाईल नेमकी कुठे आहे, हे मला ठाण्यात बसून कसे कळेल?

पावती क्रमांक आणि संकेतस्थळाचा पासवर्ड आपल्याकडेही असेल तर कळेल. ‘ते सगळं तो बघतो’ हे उत्तर फार घरांतून ऐकू येते, आणि निम्मी अस्वस्थता तिथूनच निर्माण होते. अमेरिकेच्या बाबतीत फाईल तीन टप्प्यांतून जाते: आय-१३० अर्ज आधी नागरिकत्व व स्थलांतर सेवेकडे, मंजुरीनंतर नॅशनल व्हिसा सेंटरकडे, आणि शेवटी मुलाखतीसाठी वांद्रे-कुर्ला संकुलातील वाणिज्य दूतावासाकडे. मधल्या टप्प्यावर शुल्क भरणे, डीएस-२६० हा अर्ज, आय-८६४ हे आर्थिक हमीपत्र आणि दाखले हे सारे आपल्याकडून जायचे असते. हे हमीपत्र साधारणपणे तिथल्या दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्के उत्पन्नावर देता येते, आणि ते कमी पडल्यास दुसरा हमीदार चालतो. एक कागद कमी पडल्यामुळे फाईल या टप्प्यावर अडून राहिली आणि दोन्ही घरे रांगेलाच दोष देत बसली, असे घडते. म्हणून महिन्यातून एक दिवस ठरवून दोघांनी एकत्र स्थिती तपासावी. रोज तपासल्याने फाईल पुढे सरकत नाही, झोप मात्र जाते.

४. विवाह नोंदणी आणि पोलिस क्लिअरन्स यांचा क्रम कसा ठेवावा?

नोंदणी सर्वांत आधी, आणि शक्यतो परदेशी जोडीदाराची सुटी संपण्यापूर्वी, कारण निबंधकासमोर दोघांना आणि साक्षीदारांना हजर राहावे लागते. महाराष्ट्रात १९९८ च्या विवाह नोंदणी कायद्याखाली हे काम महापालिका करते. ठाण्यात प्रभाग समितीचे कार्यालय आणि नवी मुंबईत विभाग कार्यालय गाठावे. विशेष विवाह कायद्याखाली लग्न करणार असाल तर ३० दिवसांच्या नोटिशीचा काळ सुटीच्या हिशेबात आधीच धरावा. मंगल कार्यालयाची पावती किंवा देवस्थानाचा दाखला या प्रमाणपत्राची जागा घेऊ शकत नाही.

पोलिस क्लिअरन्स, म्हणजे गुन्ह्याची नोंद नसल्याचे प्रमाणपत्र, मात्र मागितल्यावरच काढावे. फार आधी काढलेले प्रमाणपत्र मुलाखतीपर्यंत जुने होते. त्यासाठी ठाणेकरांना वागळे इस्टेटमधील पासपोर्ट सेवा केंद्र जवळचे आहे. पासपोर्टवर माहेरचा साताऱ्याचा पत्ता आणि राहणे ऐरोलीत, अशी स्थिती असेल तर पोलिस पडताळणीत वेळ जातो, म्हणून पासपोर्टवरील पत्ता आधी दुरुस्त करून घ्यावा.

अ‍ॅपोस्टिल, म्हणजे आपला दाखला दुसऱ्या देशात ग्राह्य धरला जावा म्हणून सरकारकडून घ्यायचा शिक्का, याविषयीही एक गोष्ट लक्षात ठेवावी. भारत २००५ पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय करारात आहे आणि कॅनडात तो ११ जानेवारी २०२४ पासून लागू झाला. जर्मनीने मात्र भारताच्या सहभागावर आक्षेप नोंदवलेला असल्याने भारतीय दाखल्यावरील अ‍ॅपोस्टिल तिथे चालत नाही, दाखल्यांची पडताळणी वेगळ्या पद्धतीने होते.

५. लग्नानंतर नाव बदलावे का? सासरी सगळे म्हणतात की आधी नाव बदल, मग अर्ज कर.

कायद्याने नाव बदलण्याची सक्ती नाही, आणि व्हिसासाठीही ते बदलावे लागत नाही. हा प्रश्न आपल्याकडे विशेष अवघड होतो, कारण मराठी घरांत लग्नानंतर आडनावाबरोबर मधले नावही बदलते आणि काही घरांत तांदळात नवे नाव लिहून पहिले नावही बदलले जाते. परिणामी पदवीवर एक नाव, आधारवर दुसरे, पासपोर्टवर तिसरे आणि विवाह प्रमाणपत्रावर चौथे, अशी एकाच स्त्रीची चार नावे तपासणी अधिकाऱ्यासमोर जातात, आणि ती एकाच व्यक्तीची आहेत हे सिद्ध करण्याची जबाबदारी तिच्यावर येते.

नाव बदलायचे नसेल तर माहेरच्या नावानेच सर्व अर्ज करावेत. पती-पत्नीचे नाते विवाह प्रमाणपत्राने सिद्ध होते, आडनावाने नव्हे. बदलायचे असेल तर पहिला अर्ज भरण्यापूर्वी राजपत्रातील प्रसिद्धी, पासपोर्ट, आधार आणि पॅन या सर्वांवर एकसारखे करून घ्यावे. अर्ज दाखल झाल्यावर आणि व्हिसा मिळण्याआधी नाव बदलणे हा सर्वांत वाईट मुहूर्त होय. सासूबाईंना हे समजावणे अवघड जात असेल तर मुलाने समजवावे. ते सुनेवर सोडू नये. घरात हाक कोणत्याही नावाने मारावी, कागदावरचे नाव एकच असावे.

६. आमचे लग्न ठरवून झाले. पाहण्याचा कार्यक्रम ते लग्न, सारे एका सुटीत उरकले. नाते खरे असल्याचा पुरावा काय देणार?

ठरवून झालेले लग्न ही अडचण नाही. त्याचा खुलासा न देणे ही अडचण आहे. स्थळ कुणी सुचवले, दोन्ही घरे कधी भेटली, साखरपुडा आणि लग्न कोठे झाले, हे तारखांसह एका पानावर साध्या भाषेत लिहावे. फोटोंत केवळ स्टुडिओतील जोडीचे नव्हे, तर अंतरपाट, सप्तपदी, दोन्हीकडचे आईवडील आणि पंगत दिसावी. त्याहून वजन असते लग्नानंतरच्या पुराव्याला: कॉलच्या नोंदी, पाठवलेले पैसे, परत भेटल्याची विमान तिकिटे, विमा किंवा भविष्य निर्वाह निधीत लावलेले वारसाचे नाव. खासगी गप्पांचे शेकडो स्क्रीनशॉट देण्याची गरज नाही; प्रत्येक महिन्यातील थोडे पुरेसे होतात. मुलाखतीसाठी उत्तरे पाठ करू नयेत, परंतु जोडीदाराची नोकरी, घर आणि तिथला दिनक्रम माहीत असावा. तो माहीत नसेल तर प्रश्न मुलाखतीपुरता राहत नाही. त्यासाठी प्रश्न ८ पाहावा.

७. ‘आता कधीही व्हिसा येईल’ म्हणून नोकरी सोडू का?

सोडू नये. व्हिसा हातात येईपर्यंत राजीनामा देण्याचे कारण नाही. अमेरिकेचा स्थलांतरित व्हिसा सहसा वैद्यकीय तपासणीपासून सहा महिन्यांपर्यंत वैध असतो. ऐरोली-महापेच्या आयटी कंपन्यांतील तीन महिन्यांचा नोटीस पिरियड त्यात बसू शकतो, मात्र मुलाखतीच्या वेळीच हिशेब मांडून ठेवावा. ज्यांनी आधीच नोकरी सोडली आहे त्यांनी हा काळ मोकळा ठेवू नये. परदेशात चालणारी परवाना परीक्षा, भाषा किंवा वाहन चालवणे यांपैकी एक गोष्ट तरी हाती घ्यावी. स्वतःचे उत्पन्न असलेल्या व्यक्तीची प्रतीक्षा वेगळी असते, हे अनेक घरांकडे पाहून खात्रीने म्हणता येते.

८. दिवसभराच्या कामानंतर फोनवर बोलताना भांडणेच होतात. काय करावे?

यात घड्याळाचा वाटा मोठा असतो. ठाण्यात सकाळचे साडेसात म्हणजे न्यूयॉर्कमध्ये हिवाळ्यात रात्रीचे नऊ आणि उन्हाळ्यात दहा. म्हणजे एकाची लोकल गाठण्याची घाई आणि दुसऱ्याची थकून झोपण्याची वेळ. अशा वेळी ‘व्हिसाचं काही कळलं का?’ हा पहिला प्रश्न आला की संभाषण तिथेच बिघडते. व्हिसाचे बोलणे प्रश्न ३ मध्ये सुचवलेल्या मासिक दिवसापुरते ठेवावे आणि रोजच्या फोनवर रोजचे बोलावे: भाजी काय केली, ऑफिसात कोण काय म्हणाले, पाणी आले का. रोज तासभर बोललेच पाहिजे अशी सक्ती दोघांनाही जड जाते. आठवड्यातील एक निवांत लांब फोन आणि बाकीचे दिवस छोटे संदेश, हे अधिक टिकते. पैशांचा किंवा सासरचा कठीण विषय फोनवर निघाला तर तो अर्धवट ठेवून झोपण्याऐवजी पुढील बोलण्याची वेळ ठरवूनच फोन ठेवावा.

९. नवरा परदेशात असताना मी सासरी राहावे की माहेरी?

याचा निर्णय दोघांनी मिळून करावा आणि तो दोन्ही घरांना मुलाने कळवावा. सासरी राहणाऱ्या नव्या सुनेची कोंडी खरी असते: ज्याच्यामुळे ती त्या घरात आली तोच घरात नाही, आणि दिवाळसण, संक्रांतीचे हळदीकुंकू, मंगळागौर हे सारे पहिले सण ती त्याच्याविना साजरे करते. माहेरी राहिल्यास ‘पोरगी परत आली’ अशी कुजबुज तिच्या आईवडिलांना ऐकावी लागते. कामाच्या ठिकाणाजवळ वेगळे राहणे हाही मान्य करण्याजोगा तिसरा मार्ग आहे. व्हिसाच्या दृष्टीने यांपैकी कशानेही नुकसान होत नाही. सर्व अर्जांत एकच खरा पत्ता असावा एवढेच.

सासू-सासऱ्यांसाठीही येथे एक विनंती आहे. सून आपल्याकडे राहत असेल तर ती घर सांभाळायला ठेवलेली नाही, तीही आपल्यासारखीच त्याची वाट पाहते आहे. तिच्या खोलीचे दार आणि तिच्या फोनची वेळ तिची असू द्यावी. शेजारी ‘कधी जाणार?’ असे विचारतात तेव्हा ‘कागद चालू आहेत’ एवढे उत्तर घरातील सर्वांनी द्यावे, म्हणजे तिला एकटीला प्रत्येकाला खुलासा करावा लागत नाही.

१०. मुलगी दोन वर्षांची आहे आणि वडिलांना फक्त पडद्यावर ओळखते. तिच्यासाठी काय करता येईल?

या वयाच्या मुलाला लांब संभाषण नव्हे, ठरलेली पुनरावृत्ती लागते. रोज त्याच वेळी बाबांनी तेच गोष्टीचे पुस्तक वाचावे, जेवताना फोन समोर ठेवून नुसते सोबत असावे. मूल पडद्यासमोरून उठून गेले तरी रागावू नये. ‘बाबा लवकरच येणार’ असे सांगू नये, कारण ‘लवकर’ आले नाही की ते मूल शब्दावरचा विश्वास सोडते. भेटीची तारीख पक्की झाल्यावर ती कॅलेंडरवर दाखवावी.

कागदांच्या बाजूने, अल्पवयीन मुलाच्या पासपोर्टसाठी दोन्ही पालकांची संमती लागते. परदेशातील पालकाने तिथल्या भारतीय दूतावासात साक्षांकित केलेले प्रतिज्ञापत्र आधीच पाठवून ठेवावे.

११. तोपर्यंत पर्यटक व्हिसावर जाऊन राहता येईल का?

अर्ज करता येतो, मात्र स्थलांतराचा अर्ज चालू असल्याचे कधीही लपवू नये; खोटी माहिती दिल्यास पुढील व्हिसा कायमचा धोक्यात येतो. अमेरिकेच्या पर्यटक व्हिसासाठी आपण परत येणार हे अधिकाऱ्याला पटवावे लागते आणि आय-१३० दाखल असताना ते कठीण जाते, तरी अशक्य नसते; इथली नोकरी, हेही प्रश्न ७ मधील सल्ल्याचे एक कारण आहे. कॅनडाचा कायदा मात्र तात्पुरती भेट आणि कायम वास्तव्याची इच्छा दोन्ही एकाच वेळी असू शकतात हे मान्य करतो.

१२. मग त्यानेच इकडे येऊन काही महिने राहिले तर?

ग्रीन कार्डधारकाने सलग सहा महिन्यांहून अधिक बाहेर राहू नये, कारण त्यामुळे नागरिकत्वासाठी मोजले जाणारे सलग वास्तव्य खंडित झाल्याचे धरले जाऊ शकते. वर्षभर बाहेर राहायचे तर निघण्यापूर्वी पुनःप्रवेश परवान्याचा अर्ज करावा लागतो. वर्षातून एका लांब भेटीपेक्षा दोन मध्यम भेटी बऱ्या. दोघांचेही पासपोर्ट भारतीय असतील तर नेपाळसारख्या, व्हिसा न लागणाऱ्या देशात दोघांनीच आठ दिवस घालवणे हाही उपाय आहे. ठाण्यातील भेट बहुधा नातेवाइकांकडच्या जेवणांतच संपते.

१३. पैशांची आणि सह्यांची व्यवस्था कशी लावावी?

परदेशी स्थायिक झालेल्या जोडीदाराचे इथले साधे बचत खाते एनआरओ (अनिवासी भारतीयांसाठीच्या) खात्यात बदलून घेणे आवश्यक आहे. घराचा हप्ता, सोसायटीची देखभाल आणि आईवडिलांचा औषधखर्च कोणत्या खात्यातून जाणार हे लिहून ठरवावे. इथल्या जोडीदाराला खर्चासाठी सासऱ्यांकडे हात पसरावा लागू नये. तिच्या किंवा त्याच्या स्वतःच्या नावाचे खाते असावे. फ्लॅटच्या व्यवहारासाठी कुलमुखत्यारपत्र लागणार असेल तर ते परदेशात भारतीय दूतावासासमोर करून घ्यावे आणि महाराष्ट्रात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावे. ते पत्र सर्वाधिकार देणारे न करता ठरावीक कामापुरते करावे.

१४. एक एजंट म्हणतो की जास्त पैसे दिले तर तारीख लवकर मिळेल. खरे आहे का?

नाही. रांगेतील क्रमांक कोणीही विकू शकत नाही. गंभीर आजारासारख्या मानवीय कारणावरून फाईल लवकर हाताळण्याची विनंती करता येते; ती पुराव्यासह स्वतः करावी लागते. अमेरिकेतील जोडीदार आपल्या मतदारसंघाच्या काँग्रेस सदस्याच्या कार्यालयामार्फत विनामूल्य चौकशीही करू शकतो. सल्लागार घ्यायचाच असेल तर तो त्या देशात परवानाधारक आहे का ते तपासावे, आणि कोऱ्या अर्जावर सही कधीही करू नये.

१५. माझी पत्नी ब्रिटनमध्ये आहे आणि मी नेरूळला. २९,००० पौंडांची अट आम्हाला लागू आहे का?

पत्नी स्किल्ड वर्कर किंवा हेल्थ अँड केअर व्हिसावर असेल तर ती अट नाही. आपण तिचे अवलंबित म्हणून अर्ज करता. मात्र ११ मार्च २०२४ पासून तिथे केअर वर्कर आणि सीनियर केअर वर्कर म्हणून नव्याने गेलेल्यांना कुटुंब नेता येत नाही, परिचारिकांना नेता येते. तेव्हा व्हिसावरील कामाचा प्रकार आधी पाहावा.

थांबलेला जोडीदार पुरुष असला की त्याला वेगळे टोमणे ऐकावे लागतात आणि तो बोलतही नाही. या पानावरील घरातले प्रश्न त्याच्यासाठीही तितकेच आहेत.

१६. वाट पाहत असतानाच पतीला अमेरिकेचे नागरिकत्व मिळाले. आता सगळे सोपे झाले ना?

पत्नीसाठी हो, नागरिकत्वाचा पुरावा कळवल्यावर अर्ज मर्यादेबाहेरच्या वर्गात जातो. पण एफ२ए वर्गात मुले आईच्याच अर्जावर जात होती, ती सोय नागरिकाच्या जोडीदाराच्या वर्गात नाही, आणि प्रत्येक मुलासाठी स्वतंत्र आय-१३० भरावा लागतो. हे मुलाखतीच्या तोंडावर लक्षात आले तर आईचा व्हिसा येतो आणि मूल मागे राहते. उलट, पती आधीपासून नागरिक असताना मूल भारतात जन्मले आणि पतीने जन्मापूर्वी अमेरिकेत पुरेशी वर्षे काढली असतील, तर मूल जन्मतःच अमेरिकी नागरिक असू शकते. त्याला व्हिसा नव्हे, वाणिज्य दूतावासातील जन्मनोंद आणि पासपोर्ट लागतो.

१७. मुलाखत झाली आणि संकेतस्थळावर ‘रिफ्यूज्ड’ दिसते. सारे संपले का?

नाही. अमेरिकी कायद्याच्या २२१(जी) या कलमाखाली कागद मागितले असतील किंवा अधिक छाननी चालू असेल तरीही तोच शब्द दिसतो. हातात दिलेले पत्र वाचावे, मागितलेले कागद एकदाच आणि पूर्ण द्यावेत. क्षयरोगाच्या तपासणीत एक्स-रेवर शंका आल्यास थुंकीच्या कल्चरला सुमारे आठ आठवडे लागतात. तो नकार नव्हे. नवी विमान तिकिटे मात्र व्हिसा हाती येईपर्यंत काढू नयेत.

१८. दोन वर्षे झाली. तो पावती क्रमांकही देत नाही आणि फोनही टाळतो. मी संशय घेते आहे का?

पावती क्रमांक मागणे हा संशय नव्हे, तो आपला हक्क आहे. एक ठरावीक तारीख देऊन लेखी मागावा. उत्तर आले नाही तर आईवडिलांना स्पष्ट सांगावे आणि मूळ विवाह प्रमाणपत्र, पासपोर्ट व स्त्रीधन स्वतःच्या ताब्यात घ्यावे. राष्ट्रीय महिला आयोगात अनिवासी भारतीयांशी झालेल्या विवाहांच्या तक्रारींसाठी २००९ पासून स्वतंत्र कक्ष आहे. ठाण्यातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे स्त्रियांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. चारचौघांत शोभा होईल म्हणून गप्प राहण्यात जी वर्षे जातात, ती आपलीच असतात.

१९. झोप लागत नाही, रडू येते, कशातच लक्ष लागत नाही. हे व्हिसा आल्यावर थांबेल ना?

त्याची वाट पाहू नये. दोन आठवड्यांहून अधिक काळ असे चालू असेल तर मदत घ्यावी. केंद्र सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मराठीतही, विनामूल्य उपलब्ध आहे. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये सुरू केलेली आयपीएच ही मानसिक आरोग्य संस्था आणि प्रादेशिक मनोरुग्णालयाचा बाह्यरुग्ण विभाग आहे. मनात जीव देण्याचे विचार येत असतील तर त्याच क्षणी फोन करावा आणि घरातील एका माणसाला जवळ बसवून घ्यावे. मानसिक ताणासाठी समुपदेशन घेतले म्हणून व्हिसा नाकारला जात नाही. वैद्यकीय तपासणीत विचारल्यास ते खरे सांगावे.